लयच शांत पोरगी

माझी मुलगी सुमी नऊ वर्षांची असताना तिने मलकापुरातली एक आख्खी शाळा भर दुपारी घरी पाठवली.

तिचा हेतू वाईट नव्हता. वर्गात पाढे चालले होते, हिला खिडकीतून घंटा दिसली, आणि दिसलेली घंटा वाजवायची नसते हे तिला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. (मी सांगितलं होतं. रोज! पण मी सांगत असताना ती बहुधा चिंचेवर असायची.) बघता बघता शाळा रिकामी झाली. शिपाईसुद्धा जेवायला गेला!

मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुमची मुलगी द्वाड आहे की वेडी, तेच मला कळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर सोमवारी नाव काढते."

'वेडी' हा शब्द मला लागला, कारण घरी तेच मी म्हणायचो. "बैताड पोट्टी!" म्हणून धपाटा घालायचा, मग ती झोपली की पश्चात्ताप होऊन उशाशी गुळाचा खडा ठेवायचा, अशी माझी शिस्त. त्यात मुंगळ्यांचं तेवढं भलं झालं.

अकोल्याला नागपूरहून मुलांच्या मनाचे एक डॉक्टर यायचे. त्यांना दाखवायचं ठरलं. बायको तान्ह्या बाळामुळे घरी राहिली आणि माझी थोरली बहीण आक्का बरोबर निघाली. इथेच मी फसलो! भावकीतल्या प्रत्येक मुलीला दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी आक्काच तयार करायची. परका माणूस पोरगी पाहणार म्हटल्यावर तिने पदर खोचला.

"आक्का, तो डॉक्टर आहे, नवरदेव नाही!"

"असू दे ना बापा! परक्यापुढं पोरीची खोड सांगाची नसते. अकोल्यात आपली किती सोयरीक हाय! उद्या हिचं लगन कराचं नाही काय?"

गाडीत शिकवणी सुरू झाली. "मान खाली. हात गुडघ्यावर. इचारलं तेवढंच बोलजो. अन् हाललीस तर जिलबी नाही!"

डॉक्टरांपुढे सुमी गौरीच्या मुखवट्यासारखी बसली. वेण्यांतून तेल निथळत होतं. प्रत्येक प्रश्नाला "हो" किंवा "नाही". मी बघतच राहिलो. ही कुणाची मुलगी?

"घरी फार धावपळ करते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो!" आक्का म्हणाली. "लयच शांत पोरगी! हिच्या पायाखाली मुंगी मरत नाही."

"आक्का, परवा छपराच्या कवेलूंवरून उडी मारली तिनं!"

"उतरली असन. कामाची घाई असते तिले."

"शाळेची घंटा वाजवली, त्याचं काय?"

"शिपायाले मदत केली!"

"डॉक्टरसाहेब, काल ही एकाच पायात चप्पल घालून शाळेत गेली हो!"

"काटकसरी हाय," आक्का म्हणाली.

मुलीच्या खोडी पटवून देण्यासाठी घाम गाळणारा वऱ्हाडातला मी पहिलाच बाप असेन! डॉक्टरांनी पेन उचललं. "मला तर मुलगी अगदी शांत दिसते." माझ्यापुढे सोमवार उभा राहिला. 'शांत' असं लिहून दिलं की बाई म्हणणार, म्हणजे घंटा मुद्दामच वाजवली. संपली शाळा!

तेवढ्यात डॉक्टरांची नजर टेबलाखाली गेली. सुमीच्या पायाची बोटं तबल्यासारखी चालली होती.

"सुमी, इतका वेळ काय करत होतीस?"

तिने आक्काकडे पाहिलं. "सांगितलं तर जिलबी जाईन."

"नाही जाणार. मी सांगतो आत्याला."

मग बांध फुटला! "तुमचा पंखा कुरकुर करते. मागच्या पालीनं आत्ताच माशी खाल्ली. तुमच्या शर्टाचं एक बटन येगळ्याच रंगाचं हाय. बाहेर संत्रेवाल्याचं भांडण चालू हाय. अन् मले लय जोरात पळाचं हाय, म्हणून पाय दाबून धरले." तिने हात उचलले. गुडघ्यांवर नखांचे वळ होते. "चूप बसलं की लय दुखते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही वेडी नाही आणि द्वाडही नाही. शांत बसणं आपल्याला आराम वाटतो, हिला ते पोतं उचलण्यासारखं आहे. पुढच्या बाकावर बसवा, मधूनमधून उठू द्या, हाताला काम द्या. आणि मारू नका." त्यांनी एक इंग्रजी नावही सांगितलं. ते मालगाडीएवढं लांब होतं, डबे मोजता मोजता मी इंजिन विसरलो. 'वेडी नाही' एवढंच कानात राहिलं. मी बराच वेळ त्या पालीकडे बघत होतो, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

"घरात आणखी कुणी असं आहे का?"

"हा काय बसला!" आक्का उसळली. "लहानपणी पाण्याले पाठवला, तर बादली हिरीत सोडून पतंग पाहत घरी आला. सोताच्या लगनात मुहूर्ताले सापडेना! वाजंत्र्याची सनई उघडून बसला होता!"

"आक्का! परक्यापुढं खोड सांगायची नसते ना?"

"तुह्यं लगन होऊन गेलं. आता काय लपवाचं?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, माझ्यापुढे धरली, जरा विचार केला आणि सुमीच्या हातात दिली.

परतताना मी इतका हलका झालो होतो की स्टेशन येताच जिलबीसाठी टुणकन खाली उडी मारली. मागे वळलो, तर दोघी खिडकीतच.

"बाबा! हे नांदुरा होय! मलकापूर पुढं हाय!"

गाडी हलली. मी धावलो. डब्यातले लोक माना काढून बघायला लागले, तेव्हा सुमीने म्हणे मान खाली घालून सांगितलं, "पाहू नका हो. आमचे बाबा लयच शांत हायेत."

सोमवारी बाईंनी चिठ्ठी वाचली, सुमीला पहिल्या बाकावर बसवलं आणि घंटा वाजवायचं काम तिच्याकडेच दिलं. शाळा आता वेळेवर सुटते. तिला आणायला मीच जातो, आणि बहुतेक वेळा बरोबर शाळेत पोचतो!