तुसाच्या राखेचे ब्लॉक

यांनी बदलापूर गावात घरामागे सिमेंटचे ब्लॉक पाडायला घेतले, ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. अंबरनाथला गवंडीकाम करताना सायटीवरच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, भाताच्या तुसाची राख बारीक करून थोड्या सिमेंटच्या जागी घातली तरी चालते. झालं, सुटीच्या दिवशी हे वांगणीच्या गिरणीतून भट्टीची राख आणायला लागले. मी ती कुटून जुन्या लुगड्यातून चाळायची. चार घमेली सिमेंटला एक घमेलं राख.

पहिले साठ ब्लॉक पाडले आणि हे काविळीनं आजारी पडले. आठवड्याभरात गेले.

घर रडत होतं. मला रडू येईना. संध्याकाळी बायका ओटीवर बसलेल्या असताना मी बादली घेऊन मागे गेले आणि ब्लॉकांवर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, सुतकात काय ह्ये?"

"सुकले तर तडे जातील."

तिसऱ्या दिवशी विहिरीतून पाणी त्यांनीच ओढून दिलं.

तेराव्यानंतर उल्हासनगरचा एक सिंधी दुकानदार आला. कॅम्प तीनमधल्या दुकानामागे त्याला भिंत घालायची होती, यांच्याशी आधी बोलणं झालेलं.

"भाभी, ये इतना काला क्यूं है?"

"राख आहे त्यात. तुसाची."

त्यानं एक ब्लॉक छातीपर्यंत उचलला आणि दगडावर सोडला. कोपरा तेवढा उडाला.

"भाईसाब ने अच्छा बनाया," तो हळू आवाजात म्हणाला. सगळे घेतो, आणखी शंभर लागतील, म्हणाला. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी उडालेला तुकडा उचलून बाजूला ठेवला.

राख संपली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी वांगणीला गेले. भट्टीवरच्या म्हाताऱ्याला काही कळलेलं नव्हतं.

"मिस्त्री नाय आलं? बरं हायेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

त्यानं दोन गोणी भरून दिल्या.

पुढे सहा-सात वर्षं मी ब्लॉक पाडले. त्या म्हाताऱ्याला खरं कुणी सांगितलं, ते मला ठाऊक नाही. त्यानं यांच्याबद्दल परत कधी विचारलं नाही.