न लिहिलेलं वाचायचं असतं म्हणे!

ऑकलंडच्या कुठल्याही मराठी घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, टाकवत नाहीत एवढंच. आमच्या वाचनमंडळाचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. सप्टेंबरात मी साताऱ्याला परत चाललोय, कायमचा. म्हटलं, त्याआधी वाटून टाकावेत.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मेधाताई पुण्याच्या कॉलेजातल्या रिटायर्ड प्रोफेसर, हिल्सबरोला त्यांच्या लाउंजमध्ये आम्ही जमतो. अश्विन आयटीवाला, लॅपटॉप उघडल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. कांबळेसाहेब वीज मंडळातले रिटायर्ड इंजिनिअर, मनुरेवाहून येतात. आणि मी, चौथी पास, उभा जन्म ट्रक चालवलेला. वाचायचं काय, तर जपानी गोष्टी! मेधाताई इंग्रजी पुस्तकातून वाचून मराठीत सांगणार, मग सगळ्यांनी बसून अर्थ लावायचा.

"आप्पा, घरात एकटे बसून चिडचिड करता," म्हणून माझा मुलगा प्रकाश मला बॉटनी डाउन्सहून गाडीने इथे आणून सोडतो. आता मी चौघांत बसून चिडचिड करतो.

*

पहिल्या दिवसाची गोष्ट. एका माणसाची बायको वारते. तो तिची छत्री धुतो, वाळवतो, घडी घालतो, कोपऱ्यात उभी करून ठेवतो. मेधाताईंनी पुस्तक मिटलं.

"पुढे?" मी विचारलं.

"संपली."

"संपली कशी? छत्री चोरीला गेली? दुसरं लग्न केलं? निदान रडला तरी?"

"रडला असं लिहिलेलं नाही, आप्पा. न लिहिलेलं वाचायचं असतं."

"मग छापता कशाला?"

*

पुढच्या वेळी अश्विन तयारी करून आला. भिंतीवर स्लाइडा! म्हणे आपल्या गोष्टीत भांडण लागतं, जपानी गोष्टीचे चार भाग असतात. सुरुवात, वाढ, वळण आणि जोड. तिसऱ्या भागात भलतंच काहीतरी येतं, आधीच्याशी काही संबंध नसलेलं. चौथ्यात ते आपोआप जुळतं. भांडणाची गरजच नाही!

"भांडण नाही तर ऐकायचं कशाला?" मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग छत्रीच्या गोष्टीत तिसरा भाग कुठून सुरू होतो यावर दोघांची जुंपली. मेधाताई म्हणाल्या, छत्री वाळत घातली तिथून. अश्विन म्हणाला, शक्यच नाही, घडी घातली तिथून. आवाज चढले. मेधाताई म्हणाल्या, "मी तीस वर्षं शिकवलंय!" अश्विननं रागारागानं लॅपटॉप मिटला. चहा गार झाला, भजी मऊ पडली.

कांबळेसाहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "आप्पा, ऐकायला मजा आली ना? भांडण आलं बघा!"

*

या कांबळेसाहेबांवर तर कायमचा अन्याय! ते बौद्ध. त्यामुळे गोष्टीत रिकामं काही दिसलं, रिकामी खोली, रिकामी वाटी, की सगळे त्यांच्याकडे वळून बघणार. जसं काही पुस्तकाची किल्ली त्यांच्या खिशात आहे.

एका गोष्टीत म्हातारी रिकाम्या वाटीकडे बघत बसते. अश्विननं विचारलंच, "काका, ही शून्यता ना? तुम्हाला आतून जाणवत असेल."

साहेब तडकले. "मला आतून अ‍ॅसिडिटी जाणवते. वाटी रिकामी आहे कारण भात संपलाय. आणि एक लिहून ठेव, माझा धम्म नागपूरहून आलाय, टोकियोहून नाही!"

त्या दिवशी मी टाळी वाजवली. एकट्यानंच.

*

मग मेधाताईंना वाटलं, अस्सल माणूस बोलवावं. शेजारच्या केइकोबाई आल्या, हसतमुख, हातात केक. मेधाताईंनी त्यांना छत्रीची गोष्ट सांगितली आणि डोळे ओले करून विचारलं, तो नवरा छत्री का वाळवतो? बाईंनी विचार केला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. अश्विन तोंड पाडून बसला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ओली ठेवली तर वास येतो म्हणाल्या."

मेधाताईंनी धीर सोडला नाही. विचारलं, हे पुस्तक तुमच्याकडे शाळेत शिकवतात का? केइकोबाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. नावही ऐकलं नव्हतं! त्या खुनाच्या रहस्यकथा वाचतात. जाताना मात्र मेधाताईंच्या हातातलं पुस्तक मागून घेऊन गेल्या. महिना झाला, अजून आणून दिलेलं नाही. आता या न आणून देण्याचा अर्थ कोण लावणार?

*

मेधाताईंनी दुसरं पुस्तक काढलं. त्यात बाप आणि मुलगी. मुलगी घर सोडून दूर शहरात चाललीय. सकाळी दोघं अंगणात उभी. बाप म्हणतो, "यंदा थंडी लवकर पडली." मुलगी ढसाढसा रडते. संपली गोष्ट!

"यांच्या गोष्टीत हवापाणी आलं की कान टवकारायचे," मेधाताई म्हणाल्या. "मनातलं बोलता येत नाही, तेव्हा माणसं ऋतूबद्दल बोलतात."

माझं डोकंच फिरलं. "मग त्या बापाला हवामान खात्यात नोकरी द्या! पोटची पोर चाललीय, 'जाऊ नको' म्हणायला जीभ झडते का?"

मेधाताईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण माझ्या घरचं सगळ्यांना माहीत होतं. बायको गेल्यावर प्रकाशनं मला इथे आणलं. दिवसभर घर रिकामं. नातवाशी मराठीत बोलावं तर तो "आय अ‍ॅम गुड, आजोबा" म्हणून खोलीत पळतो. एकदा जेवताना मी म्हणालो, "मी आपला परत जातो." प्रकाश म्हणाला, "बरं, आप्पा." बरं! आणि सप्टेंबरचं तिकीट काढून मोकळा! त्यानंतर त्या विषयावर त्यानं चकार शब्द काढलेला नाही. बापाला कुणी असं 'बरं' म्हणतं?

कांबळेसाहेबांनी हळूच विचारलं, "प्रकाश तुम्हाला 'जाऊ नका' म्हणाला का?"

"नाही ना!"

"आणि तुम्ही त्याला 'राहतो' म्हणालात?"

"आधी तो म्हणू दे की!"

*

आता परवाचं. ऑगस्ट म्हणजे इथे ऐन हिवाळा, उन्हाळा थेट डिसेंबरात. बाहेर धो धो पाऊस, गार वारा, माझ्या अंगात दोन स्वेटर. मंडळातून मला घ्यायला प्रकाश आला. घराकडे वळायच्या ऐवजी त्यानं गाडी बॉटनीच्या शॉपिंग सेंटरात घातली.

"काय आणायचंय?"

"या तर."

गेलो मागोमाग. आत एका कोपऱ्यात जँडल्स टांगलेल्या. जँडल्स म्हणजे आपली रबरी स्लिपर, इथली माणसं उन्हाळ्यात समुद्रावर घालून हिंडतात. प्रकाशनं एक निळी जोडी काढली, खाली वाकला आणि माझ्या बुटाला लावून बघायला लागला. एवढा मोठा इंजिनिअर, दुकानात सगळ्यांसमोर गुडघ्यावर!

"ही कुणाला?" मी विचारलं.

"तुम्हाला."

"ऑगस्टात? बोटं गारठलीत माझी. डोकं ठिकाणावर आहे का?"

त्यानं वर बघितलंच नाही. बुटाच्या टोकाशी स्लिपर सरळ करत म्हणाला, "उन्हाळ्यात तुमच्या मापाच्या मिळत नाहीत, आप्पा. डिसेंबरात सगळ्या संपलेल्या असतात."

माझ्या तोंडाशी खूप आलं होतं. तिकीट कुणी काढलं, कधीचं काढलं, विचारणार होतो. दुकानातली मुलगी आमच्याकडे बघत होती. प्रकाश अजून खालीच.

"एक नंबर मोठी घे," मी म्हटलं. "उन्हाळ्यात माझे पाय सुजतात."