होडीतली दुसरी जागा

एका माणसाने मला तीन वर्षं ‘भाऊ’ म्हटलं आणि मी त्याला एकदाही सांगितलं नाही की मी मुलगी आहे.

सुरुवातीला यात लबाडी नव्हती. माझ्या थोरल्या भावाच्या डिप्लोमासाठी घरात कॉम्प्युटर आला होता. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली आणि मागे राहिलं ते कॉम्प्युटर, नुकतंच घेतलेलं ब्रॉडबँड आणि एका फोरमवरचं त्याचं खातं. फोरम म्हणजे देशभरातले गेम खेळणारे जिथे येऊन लिहायचे, भांडायचे, अशी एक वेबसाइट. तिच्यात मराठी पोरांचा एक कोपरा होता. मी तेव्हा बी.कॉम.ला होते. सकाळचं कॉलेज आटोपून नाशिकजवळ मखमलाबादला घरी यायचं, आईबरोबर दोन-चार शेर फुलांचे हार ओवायचे, आणि लोडशेडिंग संपून वीज आली की कॉम्प्युटरसमोर बसायचं. वडील मळ्यात असायचे, आई जरा आडवी व्हायची. ती दुपार माझी एकटीची असायची.

नवीन खातं काढायचा मला कंटाळा आला, म्हणून भावाचंच वापरलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘भाऊ’ म्हणालं आणि मी भाऊ झाले.

मग एक मुलगी तिथे आली. एका गेमच्या शेवटाबद्दल तिने फार चांगलं लिहिलं होतं. त्यावर पन्नासेक उत्तरं आली, सगळी तिचा फोटो मागणारी. तिने काय लिहिलं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही. ती आठवड्याभरात गेली. तेव्हा मात्र मी ठरवून भाऊ राहिले. मला फोटो मागणारे नको होते, भांडणारे हवे होते. माझी जीभ घरात सगळ्यांना खुपायची, तिथे तिला भाव होता.

त्या कोपऱ्यात एक रीत होती. ज्याला एखादा गेम फार आवडला, तो त्याची आणखी एक कॉपी ऑनलाइन घ्यायचा आणि जाहीर करायचा, ‘एक कॉपी आहे, कोणाला पाहिजे?’ मागणाऱ्याने आपला सगळ्यात आवडता गेम कोणता आणि तो का आवडतो, ते लिहायचं. देणाऱ्याला ज्याचं पटेल त्याच्या ईमेलवर ती भेट जायची. थँक्स म्हणायचं नाही. खेळायचं, आणि खेळून झालं की खरं मत लिहायचं, बस्स. न खेळता मत लिहिण्याइतकं वाईट तिथे दुसरं काही नव्हतं. एकाने परदेशी मासिकातला मजकूर स्वतःचा म्हणून चिकटवला होता, त्याला सगळ्यांनी मिळून हाकलून दिलं. त्याची सालटी काढण्यात मी सगळ्यात पुढे होते.

पहिली कॉपी मला पिंपळगाव बसवंतच्या एकाने दिली. माझा आवडता गेम म्हणजे भावाच्या जुन्या सीडीवरचा. त्यात एक म्हातारा बागेला पाणी घालतो, एवढंच. शत्रू नाही, शर्यत नाही. मी लिहिलं होतं, ‘या बागेतली मोटर दिवसाढवळ्या चालते, म्हणून मला ही परीकथा वाटते.’ त्याचं उत्तर आलं, ‘भाऊ, आमच्याकडं बी शेतीची वीज रात्रीची, मोटर रात्रीच चालती. लय हसलो. कॉपी तुझी.’ आम्ही सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. इथे ते सरळ मराठीत लिहिते आहे.

त्याच्या घरचा द्राक्षांचा मळा आणि व्यापार होता. वडील आणि काका बाहेरचं बघायचे, हा पॅकहाउसच्या, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडच्या, ऑफिसात बसून किती पेट्या आल्या, किती गेल्या ते कॉम्प्युटरवर चढवायचा. ‘मी बाहेर व्यापाऱ्यांत जात नाय, मला आतलंच काम बरं,’ असं त्याने एकदा लिहिलं होतं. मला वाटलं, श्रीमंताघरचं लाडावलेलं पोर असणार, उन्हात जायला नको. काकांचं क्रेडिट कार्ड होतं म्हणून तो कॉप्या वाटायचा. माझ्याकडे कार्ड नव्हतं, मी मतं द्यायचे. तीन वर्षांत त्याने मला सात-आठ गेम दिले असतील आणि मी प्रत्येकाला नावं ठेवली असतील.

त्याला संथ गेम आवडायचे, मला चटपटीत. मी चार ओळींत एखाद्या गेमचा निकाल लावायचे. तो त्यावर पानभर लिहायचा, मुद्द्याला मुद्दा, मध्येच मळ्यातली एखादी गंमत. मला वाटायचं, हा समोर भेटला तर बोलून बोलून कान किटवेल. त्याचं उत्तर आलेलं नसलं की माझी दुपार वाया जायची. हे प्रेम होतं का, असं मला पुढे एका मैत्रिणीने विचारलं. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला तोपर्यंत मिळालं नव्हतं.

द्राक्षांचा हंगाम संपल्यावर एका दुपारी त्याची भेट आली. या वेळी त्याने जाहीर वगैरे काही केलं नव्हतं. दोन कॉप्या घेतल्या होत्या, एक त्याला, एक मला. गेम असा होता: एका होडीत दोघं जण. एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात सुकाणू. नकाशावाल्याला पाणी दिसत नाही, सुकाणूवाल्याला खडक कुठे आहेत ते कळत नाही. हेडफोन लावून एकमेकांशी बोलत राहायचं, तरच होडी पुढे जाते. सोबत त्याची एक ओळ होती, ‘भाऊ, सुकाणू तू धर, मी सांगतो.’

एक शब्द बोलले असते तरी भाऊ संपला असता. तो फोटो मागणाऱ्यांतला नाही, हे मला आतून कळत होतं. पण कळणं आणि धीर होणं यात फार अंतर असतं. मी लिहिलं, ‘माइक खराब आहे.’ तो म्हणाला, थांबू. मग लिहिलं, ‘नेट फार हळू चालतंय.’ तो म्हणाला, चालंल. तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘आमचा टेम्पो रोज नाशकात येतो. नवा माइक ड्रायव्हरकडं देतो, कुठं येशील सांग.’

मी घाबरले आणि चिडले. आपण खोटं बोलत असलो की समोरच्याच्या चांगुलपणाचाच राग येतो. दोन दिवसांनी त्याचा आणखी एक खाजगी मेसेज आला. मला वाटलं, पुन्हा माइक. मी तो उघडला नाही. दुसऱ्या दिवशी फोरमवर जाऊन सगळ्यांसमोर मत लिहून टाकलं. न खेळता. एकदा माझं वाईट मत झालं की तो पुन्हा खेळायचं नाव काढणार नाही, असा माझा हिशोब होता.

ते मत मला अजून पाठ आहे. ‘कंटाळवाणा गेम. याला मित्र लागत नाहीत, बडबडे लागतात. खडक येईपर्यंत ज्याचं वाक्य पूर्ण होत नाही, त्याने होडीत बसूच नये, काठावरून हात हलवावा.’

मी हळू चालणाऱ्या नेटची, त्यावरून तुटत पोचणाऱ्या वाक्यांची चेष्टा केली होती. लोकांना ती ओळ फार आवडली. दिवसभर पोरं हसत होती, ‘काठावर बस’ ही तिथली शिवीच होऊन गेली. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. पानभर नाही, एवढंच: ‘ओके भाऊ. मत खरं असलं म्हंजे झालं.’

त्यानंतर त्याने कोणालाही कॉपी दिली नाही. आधी उत्तरं आखूड झाली, मग थांबली. मी नव्या गेमवर मुद्दाम काहीतरी आचरट लिहायचे, तो भांडायला येईल म्हणून. तो आला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून रुसला, असं म्हणून मीही रुसले. त्या मेसेजमध्ये माइकचंच असेल आणि माझं खोटं पुन्हा समोर येईल, अशा भीतीने तो तसाच ठेवला, आणि हळूहळू माझंही फोरमवर जाणं सुटलं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. कॉम्प्युटर पुण्याला भावाकडे जाणार होता, म्हणून माझं जे काही त्यात होतं ते पुसायला बसले. फोरमचं खातं उघडलं. तो मेसेज तिथे होता, न वाचलेला. माझ्या मताच्या आदल्या दिवशीचा.

‘भाऊ, खेळायच्या आधी एक सांगायचं हाय. मी बोलताना अडकतो. लहानपणापासून. कॉलेजात तोंडी परीक्षा दिली नाय, म्हणून तिथंच सोडलं. व्यापाऱ्यांसमोर वडील मला उभं करत नाहीत, त्यांचं बी खरं हाय, तिथं कोण थांबतंय. इथं लिहितो ते झरझर, म्हणून तुला कळलं नसंल. हा गेम मुद्दाम घेतला. मला कुणासंगं तरी बोलून बघायचंय आणि तू हसणार नायस असं वाटतं. माझं वाक्य व्हायच्या आत होडी बुडाली तर बुडू दे. परत पहिल्यापासून सुरू करू. मी रोज आरशासमोर डावं-उजवं म्हणायचा सराव करतोय.’ खाली फोन नंबर होता.

मी तो किती वेळा वाचला सांगता येणार नाही. माझी ती ओळ त्याच्या बाजूने वाचून बघितली. त्याने मन उघडं केलं आणि दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गावासमोर सांगितलं, ज्याचं वाक्य पूर्ण होत नाही त्याने काठावर बसावं. तो दुसरं काय समजणार होता? आणि तरीही त्याने कोणाला काही सांगितलं नाही, मला शिवी दिली नाही. मत खरं असलं म्हंजे झालं, म्हणाला. मत खरं नव्हतं. तेवढं तरी त्याला सांगायला हवं होतं.

मी लगेच फोन लावला. थांबले असते तर लावलाच नसता.

उचलला. आधी काहीच नाही, नुसता श्वास. मग ‘ह’ आला, आणि पुन्हा ‘ह’. मागे पेट्या आपटल्याचे आवाज येत होते, कोणीतरी ओरडून टेम्पो मागे घ्यायला सांगत होतं. मी हसले नाही, घाई केली नाही, मध्ये बोलले नाही. तो ‘हॅलो’ पूर्ण होईपर्यंत मी थांबले. मग त्याने विचारलं, ‘को-कोण ब-बोलतंय?’ तेही पूर्ण ऐकलं.

आता मी बोलायचं होतं. भाऊ बोलतोय, म्हणायचं होतं. तुझा मेसेज मी आज वाचला, गेम मी कधी उघडलाच नव्हता, मी खोटी, तू नाही, असं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. ज्या जिभेचं मला एवढं कौतुक होतं, ती हलेना. बोलायला काही अडत नसताना मी अडकले. आणि निघाले ते दोनच शब्द.

‘राँग नंबर.’

माझा आवाज त्याने आयुष्यात तेवढाच ऐकला. तो फोन ठेवेल असं वाटलं होतं. पण तो थांबला, त्याच्या घशात शब्द जुळत असल्याचं मला ऐकू येत होतं. मग म्हणाला, ‘अ-असू द्या, ताई.’

आणि मी आधी ठेवेन म्हणून वाट बघत राहिला.