फळ्यावरचं माझं नाव

आमच्या तालुक्याच्या कोषागारात आजवरच्या अधिकाऱ्यांच्या नावांचा फळा आहे. नवे साहेब आले की त्यांचं नाव लिहायला केदारखेड्याचा पेंटर येतो. ब्रश भिजवण्याआधी तो वरपासून सगळी नावं मोठ्यानं वाचतो.

"हे लई हसायचे. ह्यांचा 'ष' मला बिलकुल जमला न्हाई. अन् हे तर रंग वाळायच्या आत बदलून गेल्ते!"

सगळं ऑफिस हसतं. माझं नाव मात्र तो हळूच वाचून पुढं जातो.

मी साधा लेखापाल. साहेब रजेवर होते, तेव्हा बारा दिवस त्यांचा कार्यभार माझ्याकडे होता, एवढंच. तरी फळ्यावर माझं नाव लिहायला आलेल्या पेंटरला मी बजावलं होतं, "मामा, 'प्रभारी' लिहू नका." ते खोटं सहा वर्षं भिंतीवर होतं आणि मला रोज टोचत होतं.

परवा तो आला, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, माझ्या नावापुढं 'प्रभारी' लिहा. तेव्हा मी चुकलो."

तो शिडीवर चढला. माझ्या नावानंतर त्यानं बोट ठेवलं. तिथं बरोबर एका शब्दापुरती जागा कोरी होती.

"तवाच सोडेल हाय, साहेब," तो हसत म्हणाला. "तुम्हीच उशीर केला."