मेटगळ्ळीच्या कँटीनमधली तांब्याची तार

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की रागही तितकाच ताजा होतो. मी तेव्हा म्हैसूरमधल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हद्दीत मेटगळ्ळीचा एक कारखाना येत असे. तिथल्या कँटीनचं कंत्राट नुकतंच नव्या ठेकेदाराकडे गेलं होतं. कामावरच्या बायकांना त्यांच्या जुन्या सेवेसह सामावून घ्यायचं, अशी करारातच अट होती. ठेकेदाराला मात्र त्यांची नव्यानं नेमणूक करायची होती. म्हणजे मागची सगळी वर्षं पुसली जाणार. सगळ्यांच्या वतीनं बोलणारी मुख्य स्वयंपाकीण याला ठाम नकार देत होती.

सकाळची हजेरी चालू असतानाच ठेकेदाराच्या मॅनेजरचा फोन आला. त्याच बाईच्या लॉकरमध्ये कारखान्यातली तांब्याची तार लपवली आहे, म्हणाला. आम्ही झडती घेतली आणि तार सापडली. पंचनामा करताना एक गोष्ट मला खटकली. बाई अजून कामावर आली नव्हती, आणि लॉकर मॅनेजरनं स्वतःजवळच्या किल्लीनं उघडून दिला होता.

महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी बाईची चौकशी केली. तिचं घराणं आमच्यासारखंच इथं पिढ्यांपासून राहिलेलं मराठी, बोलण्यात निम्मं कन्नड. चोर एकतर रडतो, नाहीतर फार बोलतो, असा माझा अनुभव. ही दोहोंतलं काहीच करत नव्हती.

"तार माझी नाही सर, अष्टे," ती म्हणाली. अष्टे म्हणजे बस्स, एवढंच.

दुपारी मॅनेजर ठाण्यात आला. तक्रार मागे घेतो म्हणाला. बदल्यात बाईनं राजीनामा द्यावा आणि बाकीच्यांनी नव्या नेमणुकीवर सह्या कराव्यात. मी ते बाईच्या कानावर घातलं.

"जेलमध्ये जाईन सर. सही नाही करणार."

मी मॅनेजरकडे वळलो. "चोरी एकीनं केली, तर बाकीच्यांच्या सह्या कशाला हव्यात तुम्हाला?"

मग मी किल्ल्यांबद्दल विचारलं. लॉकरच्या जादा किल्ल्या कँटीनचा ताबा घेतल्यापासून त्याच्याच खिशात होत्या. मध्येच एका वरिष्ठांचा फोन आला, आपसात मिटवून टाका म्हणून. लेखी आदेश पाठवा, मी म्हणालो. तो आला नाही. संध्याकाळपर्यंत मॅनेजरनं सगळं कबूल केलं. ठेकेदाराच्या सांगण्यावरून तार त्यानंच ठेवली होती. मी दोघांवर गुन्हा नोंदवला.

नोकरीचा निवाडा करणं पोलिसांचं काम नाही. तो कामगार अधिकाऱ्यांपुढे झाला. तोवर बायका फाटकासमोर बसून राहिल्या. त्यांतल्या दोघी थकून जवळच्या हूटगळ्ळीत दुसरीकडे कामाला लागल्या. निकाल लागल्यावर बाकीच्या सगळ्या जुन्या सेवेसह आत गेल्या.

चोरीचा माल कुठं सापडला, याइतकंच तो तिथं सापडल्यानं कुणाचं साधतं, हेही तपासावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पोलिसानं अशा भांडणात पडू नये, असं अजूनही काही मित्र ऐकवतात. मी पडलो होतो. पुन्हा वेळ आली, तर पुन्हा पडेन.