पॉलिशचे सहा हात

डोंबिवलीहून निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर युद्धनौका होती, माझ्या शेजारी बाबा होते, आणि मी त्यांना एक गोष्ट अजून सांगितली नव्हती. नौका सव्वातीन फूट लांब, रिमोटवर चालणारी. आंबिवलीच्या पुढे एका शेततळ्यात तिची चाचणी होती. बाबांना वाटत होतं, चाचणी म्हणजे ती पाण्यात फिरवायची आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. खरं तर दुसऱ्या नौका तिच्यावर छर्रे झाडणार होत्या, ती बुडेपर्यंत.

आमचा असा हौशी लोकांचा गट आहे, ठाणे-कल्याणकडचा. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांएवढे छर्रे, ते उडवायला गॅसचं बोटभर नळकांडं, आणि नौकेच्या बाजू बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या, इतक्या पातळ की छर्रा आरपार जावा. पाणी आत येतं, छोटा पंप ते बाहेर फेकतो, पंप हरला की नौका बुडते. मग वर काढायची, बाजू बदलायची, पुन्हा लढायची. पण नवख्याचे पहिले सहा महिने नुसती नौका बांधण्यात जातात आणि तो कंटाळून पळतो. म्हणून मी किट डिझाइन केलं होतं: फायबरचं तयार बूड, लाकडी फासळ्या, आणि स्क्रूच्या पट्टीखाली बसणाऱ्या बाजू, काठावर बसल्या बसल्या बदलता येतील अशा. आज नौका पास झाली, म्हणजे बुडवून वर काढल्यावरही तिचा सांगाडा शाबूत राहिला, तर गट नवख्यांसाठी हेच किट घेणार होता. दीड वर्ष मी त्यात घातलं होतं.

फायबरच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो हुबेहूब नमुना, बाबांनी केला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी घडवलेले पॅटर्न टेम्पोत भरून भंगारात गेले. गेटवर उभं राहून त्यांनी ते पाहिलं, घरी आले, आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. मी ड्रॉइंग समोर ठेवलं त्या दिवशी ती खाली आली. मग फासळ्याही तेच कापू लागले, बाजूही तेच बसवू लागले. सत्तरीचा माणूस सकाळी सातला दाढी करून गॅलरीत कामाला बसायचा. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की बाबा, हे फोडण्यासाठी आहे? आज सांगू, उद्या सांगू करत मूग गिळून बसले. मी तशी तापट, ऑफिसात माझ्यापुढे कोणी आवाज चढवत नाही. पण बाबांपुढे माझी हिंमतच होईना.

"माझं जहाज पाण्यात पडणार आणि मी घरी बसू?" असं म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले होते. म्हटलं, गाडीत सांगू. कल्याण गेलं, शहाड गेलं. मी एसी कमी-जास्त करत राहिले.

"एवढी गप्प का?" बाबा म्हणाले. "बुडणार नाही ते. मी बंदोबस्त केलाय."

मला वाटलं, धीर देतायत.

तळ्यावर गटातले सर्वांत ज्येष्ठ सभासद होते, बँकेतून निवृत्त झालेले. नियम तेच बघतात आणि तिथे कुणाची भीड ठेवत नाहीत. लढाईआधी ते प्रत्येक नौका कुशीवर ठेवून तिच्या बाजूवर नळी उभी धरतात आणि वरून छर्रा सोडतात. बाजू फुटली तर नौका पात्र. आमच्या नौकेवर छर्रा पडला आणि टणकन उडाला. दुसऱ्यांदाही उडाला.

"मॅडम, काय फासलंय हे?"

मी बाबांकडे पाहिलं. "पॉलिश," ते म्हणाले. चेहरा फुललेला. "सहा हात. तू ऑफिसला गेलीस की रोज एक. दगड मारला तरी फुटायचं नाही."

"अहो काका, पण फुटलंच पाहिजे ना! नाहीतर बुडवणार कसं?"

बाबांचा चेहरा उतरला तो माझ्या डोळ्यांसमोर. "बुडवायचंय?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "वेळ किती आहे?" हे त्यांनी मला नाही, त्या गृहस्थांना विचारलं.

"पाऊण तास. नाहीतर आज बाद."

बाबा झाडाखाली बसले आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला. आम्ही दोघं कामाला लागलो. पट्ट्या त्यांनी सोडवल्या, नवा बाल्सा मी कापला. पॉलिशच्या बाजू काढल्यावर त्यांनी एकीवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही गवतावर नीट ठेवल्या. वेळेत झालं. छर्रा सोडला, बाजूला स्वच्छ भोक पडलं. बाबांनी मान वळवली. मी भोकावर चिकटपट्टी लावली आणि घाईघाईने नौका पाण्यात सोडली.

समोर दोन नौका होत्या. बाबा चष्म्यावर छर्ऱ्यांपासून बचावाचा गॉगल चढवून काठावर उभे राहिले. दर 'टक्'ला त्यांचा खांदा उडायचा. रिमोट माझ्या हातात होता आणि खरं सांगते, नौका पळवावीशी वाटत होती. पण पळवली तर चाचणी कसली? मी तिची बाजू समोर केली. छर्रे आत गेले, पंपाची धार बारीक होत गेली, मागचा भाग खाली बसला आणि नौका बुडाली.

नौका बुडाली की डेकवरचं छोटं झाकण उघडून दोरीला बांधलेलं बूच वर यायला हवं, म्हणजे जागा कळते. बूच आलं नाही. आम्ही वाट पाहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं: पॉलिशचे हात डेकवरही बसले होते. झाकण चिकटलं होतं आणि घाईत मी ते तपासलंच नव्हतं. पाणी गढूळ, छातीएवढं, खाली गाळ. सापडली नाही तर किट बाद. पण मला किटचं काही वाटेना. बाबांचं काम दुसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि या वेळी ते मी घालवलं होतं.

दोघंतिघं पाण्यात उतरायला निघाले. "थांबा, गाळ ढवळू नका," बाबा म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. "इथून तो विजेचा खांब. त्याच्या रेषेत बुडालं. अगं, तू उतर. मी सांगतो."

म्हणजे मान वळवणारा हा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत नजर रोखून बघत होता.

मी त्यांच्याकडे तोंड करून पाण्यात मागे मागे सरकत गेले.

"सरळ. डावीकडे. अगं, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे! हां, आता वीतभर पुढे."

पायाला डोलकाठी लागली.

बाबांनी नौका कलती करून पाणी काढलं, एकेका भोकावरून बोट फिरवून पाहिलं. "फासळी एकही गेली नाही," ते नियमवाल्या गृहस्थांना म्हणाले. त्यांनीही आत डोकावून पाहिलं आणि किट पास केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओल्या कपड्यांनी उभी होते.

"भंगारात दिलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," बाबा हळू आवाजात मला म्हणाले. "तूही नाही विचारलंस."

"चुकले, बाबा."

गाडीत ते पॉलिशच्या दोन्ही बाजू मांडीवर घेऊन डोंबिवलीपर्यंत बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात मी किटबरोबर द्यायचं माहितीपत्रक टाइप करत होते. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "पहिली सूचना मी सांगतो, लिही," म्हणाले. त्यांनी सांगितली तशीच ती आज प्रत्येक खोक्यात जाते: 'बाजूंना आणि डेकला पॉलिश लावू नये. हे जहाज फुटण्यासाठी आहे. ज्याच्या हातून करून घ्याल, त्याला हे आधी सांगावे.'