काकांची खरी तारीख

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस गोमतीच्या दोन्ही काठांवर शोधूनही सापडायचा नाही. मूळचे अकोल्याचे, रेल्वेत सिग्नलचे इंजिनीअर. नोकरी लखनौत संपली आणि गोमती नगरात आमच्याच इमारतीत घर घेऊन ते इथेच राहिले. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस तो. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पण तेल काही सुटलं नाही. त्यातच त्यांना इंटरनेट मिळालं आणि मग काय विचारता! घरात आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी उपदेश मिळायचा. आलेल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, फुकटच्या वायफायला हात लावायचा नाही, आणि पासवर्ड नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्यालाही सांगायचा नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांना चिकटपट्टी लावायची होती, पण काकूंना ते ओंगळ वाटलं. त्यांनी चौक बाजारातून आणलेल्या जुन्या चिकनकारी भरतकामाच्या कुर्त्यावरचं एक इवलंसं फूल कापून तिथे चिकटवलं. सगळ्या लखनौत एवढा नटवलेला पहारेकरी दुसरा नसेल.

काका इंटरनेटवर कधी खरं बोलले नाहीत. एकदा मलिहाबादचे दशहरी आंबे मागवले, तेही खोट्या नावाने. आंबेवाला खाली येऊन "मिश्राजी! अरे मिश्राजी!" म्हणून ओरडतोय, आणि हे गच्चीतून वाकून सांगताहेत, "यहाँ कोई मिश्राजी नहीं रहते, भैया." आपण मिश्राजी आहोत हे स्वतःच विसरले होते. आंबे आले तसे गेले. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "मिश्राजी, चहा घेता का?"

जन्मतारखेचं तर विचारूच नका. प्रत्येक ठिकाणी वेगळी तारीख दिलेली, त्यामुळे फोनवर वर्षभर शुभेच्छा यायच्या. होळीत यायच्या, भर जूनमध्ये यायच्या. प्रत्येक शुभेच्छेला काका खूश होऊन म्हणायचे, "आणखी एक फसला, बेटा!" खरी तारीख एकट्या काकूंना ठाऊक. पण थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या बरोबर दुसऱ्या दिवशी, दरवर्षी आमच्याकडे वाटीभर शिरा यायचा. बेदाणे, केशर, सगळं साग्रसंगीत. "आज काय विशेष, काकू?" विचारलं की त्या पदराने घाम पुसत म्हणायच्या, "काही नाही गं, रवा उरला होता." तीन वर्षं ओळीने त्याच दिवशी रवा उरल्यावर मला काय ते कळलं. मी कुणाला बोलले नाही. काकूंनी जपलेलं गुपित मी कशाला फोडू?

गेल्या पावसाळ्यात काकू आजारी पडल्या. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यासमोर त्यांनी काकांना जवळ बोलावलं. "अहो, माझा फोन उघडायचा नंबर ऐकून ठेवा. तुम्ही ठेवलेला तो भलामोठा माझ्या लक्षात राहीना, म्हणून मी आपला सोपा ठेवलाय." काका दचकलेच. दाराशी नर्स उभी होती. "हळू बोल! इथं नको. घरी गेल्यावर सांग." काकू नुसत्या हसल्या. त्या घरी आल्याच नाहीत. मी तिथे उभी होते. सांगू द्या हो त्यांना, असं मी म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण मीही हसलेच होते.

आता त्या फोनमध्ये काकूंचा आवाज आहे. लोणच्याची, मसाल्याची कृती त्या फोनमध्ये बोलून ठेवायच्या. बोलता बोलता मध्येच "अहो, गॅस बारीक करा" अशी हाकही असायची. दुसरीकडे कुठेही तो आवाज नाही. हल्ली चोर आवाजही चोरतात म्हणून काकांनी काकूंचे आलेले सगळे आवाजी निरोप ऐकले की पुसून टाकले होते. फोनची नक्कल बाहेर कुठे ठेवायची नाही, हाही त्यांचाच नियम. आणि दहा वेळा नंबर चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाईल, ही तजवीजही त्यांनीच आपल्या हाताने करून ठेवलेली. नऊ वेळा चुकून झालंय. लग्नाची तारीख, अकोल्याच्या घराचा नंबर, पहिल्या बदलीचं साल, सगळं घालून झालं. फोन काकूंच्या देवघरात चार्जिंगला लावलेला असतो. काका रोज तो पुसतात आणि परत ठेवतात.

परवा माझ्या लग्नाचा वाढदिवस झाला. काल सकाळी मी रवा भाजला आणि वाटी घेऊन वर गेले. दार उघडायला काकांना वेळ लागला. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. वाटीकडे बघून म्हणाले, "आज काय विशेष?"

"काही नाही, काका. रवा उरला होता."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीत बसले आणि दोन घास खाल्ले. मला राहवेना. म्हटलं, "काका, तुमची खरी तारीख घालून बघितलीत?"

"छे! जन्मतारीख ठेवायची नाही, हे तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"काकूंनी तुमचं कधी ऐकलं होतं?"

हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग हसू ओसरलं आणि ते उठून देवघरापाशी गेले. फोन हातात घेतला, पडदा उजळला. एक आकडा दाबला. दुसरा दाबला. बोट तिथेच थांबलं.

"आणि नसली तर, बेटा?"

मी खोटं तरी काय सांगणार? काकांनी दाबलेले दोन्ही आकडे एकेक करून पुसले आणि फोन परत चार्जिंगला लावला. "राहू दे," ते म्हणाले, "एक बाकी आहे तोवर ती आत आहे." मग येऊन खुर्चीत बसले आणि वाटीतला शिरा शेवटच्या कणापर्यंत संपवला.